पडीक

शेत पडीक ठेवायचे सरकार पैसे देतं, हे म्हाताऱ्याच्या हयातीत कळलं असतं तर त्याने अनुदानाच्या साहेबाला बांधावरूनच पिटाळलं असतं. पडीक ही त्याच्या तोंडी शिवी होती. मुलगा उशिरा उठला की पडीक, जावयाची नोकरी सुटली की तोही पडीक. पण म्हातारा मागच्या हिवाळ्यात गेला आणि म्हातारीने अनुदानाच्या अर्जावर सही केली. करणार काय? शहरातल्या मुलाने स्पष्टच सांगितलं होतं, "आई, अनुदान येतंय तोवर शेत ठेवू. बंद झालं की विकून टाकू, आणि तू इकडे ये." शेत विकायचा नुसता विचारही तिला नको व्हायचा.

आणि एका सकाळी बघते तर काय, वरच्या अंगाला नांगराचं ताजं तास. माती उलटलेली, अजून ओली. ट्रॅक्टर तर कधीच विकला होता. चाकाची खूण नाही, पावलाचीही नाही. आधी तिने शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी त्या तासाला लागून आणखी एक तास उठलं होतं, पण ते मधेच वळसा घालून पुढे गेलं होतं. तिने वाकून पाहिलं, तर वळशाच्या आत टिटवीची अंडी. टिटवीसाठी नांगर वळवणारा सगळ्या गावात एकच माणूस होता आणि गाव त्याला त्यापायी वेडा म्हणायचं.

घाबरली ती, खोटं कशाला बोला. पण मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती बांधावर जाऊन बसायला लागली. नवं तास कुठवर आलं ते बघायची. "आज वाकडं गेलंय हो," असंही म्हणायची. तो गेल्यापासून घास घशाखाली उतरत नव्हता, तो उतरायला लागला.

मग अनुदान खात्याचा मोजणीदार आला. शेत बघून त्याने कपाळाला हात लावला.

"काकू, हे नांगरलं कोणी?"

"आमच्या ह्यांनी," ती बोलून गेली.

त्याने हातातले कागद चाळले, नवऱ्याच्या नावापुढचं 'मयत' वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे सपाट करून घ्या. मी सोमवारी पुन्हा येतो. तेव्हा नवं तास दिसलं तर अनुदान बंद होईल. माझ्या हातात काही नाही, काकू."

तिने दिवसभर दाताळं ओढून माती सारखी केली. संध्याकाळी कंबर धरून बांधावर उभी राहिली. समोर कोणी नव्हतं, तरी तिने पदर नीट केला.

"अहो, पुरे आता. अशाने शेत हातचं जाईल. तुम्ही नका येऊ."

दुसऱ्या सकाळी तास नव्हतं. त्यानंतरही नाही. सोमवारी मोजणीदार सगळ्या शेतातून फिरला आणि हसत परत आला. "काळजी मिटली, काकू. पूर्ण पडीक."

म्हातारी बांधावर बसली.

"जन्मभर एक शब्द ऐकला नाही हो माझा," ती रडत म्हणाली, "आणि हाच कसा ऐकला?"