तळमजला यांचा अभिप्राय

मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या त्या कंपनीत तीन विभाग होते. एका विभागातले लोक खेळ बनवत, दुसऱ्यातले त्यांत जाहिराती कोंबत आणि तिसऱ्यातले या दोघांच्या वतीने माफी मागत. ती तिसऱ्या विभागात होती. हुद्दा 'ग्राहक-संवाद अधिकारी' असा भारदस्त होता, पण संवाद म्हणावा असं त्यात काही नव्हतं. एखाद्याने खेळाला पाचापैकी एकच तारा देऊन खाली लाखोली वाहिली, की त्याला चोवीस तासांच्या आत उत्तर द्यायचं. तेही मनाने नाही. मान्य वाक्यांची एक यादी होती, बावीस वाक्यांची. त्यातलं एक निवडायचं आणि पाठवायचं. पूर्वी मनाने उत्तरं द्यायची मुभा होती, तेव्हा कोणीतरी एका गिऱ्हाइकाला "मग नका खेळू" असं कळवलं होतं. यादी त्यानंतर आली.

दिवसाला दीडशे जणांना खेद कळवून कळवून तिची जीभ अशी वळली होती, की घरी हातातून भांडं पडलं तरी "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल" एवढं तोंडातून निघून जायचं. ऐकायला कोणी नव्हतं हे एक बरं होतं. चौदा महिन्यांपासून ती भाड्याच्या एका खोलीत एकटीच राहत होती.

त्याआधी नऊ वर्षं ती एका लिफ्टमिस्त्रीची बायको होती. कागदोपत्री अजूनही होती. माणूस सरळ, व्यसन नाही, हात उगारणं तर सोडाच, डासही तो खिडकी उघडून बाहेर घालवायचा. फक्त बोलायचा नाही. जेवण कसं झालंय विचारलं तर ताट पुढे करायचा. सासूबाई सांगायच्या, लहानपणी जिन्यावरून पडला तेव्हाही रडला नाही, पायऱ्या मोजत बसला. ती घर सोडून निघाली त्या सकाळी तो दाराच्या बिजागरीला तेल घालत होता. बॅग हातात धरून ती दोन मिनिटं उंबऱ्यात उभी राहिली, त्याने एक शब्द बोलावा म्हणून. त्याने दार पुढेमागे करून पाहिलं. कुरकुर गेली होती. मग ती म्हणाली, "फोन करू नकोस," आणि गेली.

लिफ्टमिस्त्री सूचना पाळणारा माणूस होता. त्याने फोन केला नाही.

पुढे तिने वकीलबाईंकडून घटस्फोटाचे कागद पाठवले. त्याने सही केली नाही आणि करणार नाही असंही कळवलं नाही. कागद त्याच्याकडे गेले आणि त्यांचाही आवाज बंद झाला.

नंतर एका सोमवारी कंपनीच्या 'गगनचुंबी' या खेळावर एक तारा आला. बोटाने टिचकी मारत इमारतीवर मजले चढवायचे, असा तो खेळ. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'तळमजला' ठेवलं होतं. अभिप्राय असा होता: "सतरा मजल्यांची इमारत. लिफ्ट दाखवली आहे, पण तिला समतोलाचं वजन नाही. अशी लिफ्ट एकदाच चालते, खाली. माणसं आत उभी राहून हसत आहेत. त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही."

तिने तो तीन वेळा वाचला. ती इथे उत्तरं लिहिते हे नवऱ्याला ठाऊक होतं. नऊ वर्षांत त्याने सलग एवढी वाक्यं तिच्याशी बोललेली तिला आठवेनात. तिने यादीतलं चौथं वाक्य पाठवलं, "आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभारी आहोत," आणि पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने मांजर पाळायच्या खेळाची खबर घेतली. "मांजर दर दोन तासांनी उपाशी असतं, पण ओरडत नाही. कोपऱ्यात बसून नुसतं बघतं. समोरच्याने ओळखायचं कसं? मांजराला दोष देत नाही. बनवणाऱ्याने त्याला आवाजच दिलेला नाही." मग गाड्यांच्या शर्यतीचा खेळ: "भिंतीवर आदळलं तरी गाडीला ओरखडा नाही. हे मुलांना चुकीचं शिकवणं आहे." मग रंगीत फुगे फोडायचा: "तीन सारखे एकत्र आले की नाहीसे होतात. त्यांनी काय केलं होतं?"

विभागात तळमजल्याचं नाव झालं. शेजारच्या खुर्चीवर एक चष्मेवाली बसायची, मनाने निर्मळ आणि आवाजाने मोठी. ती त्याचे अभिप्राय साभिनय वाचून दाखवायची. साहेबांनी विचारलं, हा माणूस कामधंदा काय करतो. चष्मेवाली म्हणाली, नक्की कुठल्यातरी पतपेढीत शिपाई असणार. हा आपलाच नवरा आहे, असं काही तिने सांगितलं नाही. फक्त तळमजल्याची सगळी उत्तरं मी देईन, असं सांगून ती मोकळी झाली. लोकांना वाटलं, तिला काम अंगावर घ्यायची हौस आहे.

उत्तरं देणं सोपं नव्हतं. स्वयंपाकाच्या खेळावर त्याने लिहिलं होतं: "गिऱ्हाईक तीस सेकंदांत चिडून उठून जातं. हे पटत नाही. माझ्या माहितीत एक जण नऊ वर्षं थांबलं होतं." हे वाचून तिने चाळीस मिनिटं यादी वरखाली केली. "आम्ही आपल्या भावना समजू शकतो" हे तेरावं वाक्य तिला फार पुढे गेल्यासारखं वाटलं. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" हे खरं होतं, पण तुसडं होतं. शेवटी तिने सहावं पाठवलं, "आपल्यासारखे जुने ग्राहक आमच्यासाठी महत्त्वाचे आहेत." पाठवून झाल्यावर तिचे कान गरम झाले. आपण ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या वाक्यात, स्वतःच्या नवऱ्याशी काहीतरी चावट बोललो असं तिला वाटलं.

तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याने एकदा विचारायचं. कुठल्याही खेळावर, कुठल्याही शब्दांत, फक्त परत ये एवढं म्हणायचं. मग ती वकीलबाईंना फोन करून कागद मागवून घेणार होती आणि बॅग भरणार होती. आपणहून जाणार नव्हती. उंबऱ्यातली दोन मिनिटं तिने एकदा दिली होती.

पण पुढे एका आठवड्यात तिची अक्कलदाढ उठली. सोमवारी संध्याकाळपर्यंत गाल रबरी चेंडूसारखा झाला. मंगळवारची रजा टाकून तिने दाढ काढून घेतली आणि तोंडात कापसाचा बोळा धरून दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहिली. डॉक्टरांनी चोवीस तास बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं.

बुधवारी सकाळी ती ऑफिसात शिरली तर टाळ्या सुरू झाल्या. तिला वाटलं दाढेबद्दल आहेत. पण टाळ्या चष्मेवालीसाठी होत्या. विभाग सुरू झाल्यापासून जे कधी घडलं नव्हतं ते तिने काल करून दाखवलं होतं. तळमजल्याने आपला एक तारा खोडून पाच दिले होते. साहेबांनी केक मागवला होता.

"तू नव्हतीस ना, वेळ संपत आली होती," चष्मेवाली म्हणाली. "म्हटलं, मीच देऊन टाकते. बघ तरी."

तिने उभ्या उभ्याच पडद्यावर वाचलं. सोमवारी ऑफिस सुटल्यावर आलेला अभिप्राय होता, लाकडी ठोकळे रचायच्या खेळावर.

"या खेळात एकदा ठेवलेला ठोकळा उचलता येत नाही. मागे जायचं बटण द्यावं. एकच चाल मागे जाता आलं तरी पुरे. खेळाचा दोष नाही, चूक माझी आहे. ठोकळा समोर असताना मी दुसरीकडे बघत बसलो. आता कळतं आहे. मागे जाता येईल का? एवढंच कळवा. जे असेल ते मान्य आहे."

खाली उत्तर होतं. यादीतलं सतरावं. "आपण मागितलेली सुविधा देण्याचा आमचा सध्या किंवा भविष्यात कोणताही विचार नाही. आपण समजून घ्याल अशी आशा आहे."

यात चष्मेवालीची काही चूक नव्हती. ते बटण आणखी आठशे जणांनी मागितलं होतं आणि खेळ बनवणाऱ्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. सतरावं वाक्य तिथे अगदी चपखल बसत होतं. त्याखाली पाच तारे आणि तळमजल्याचे चार शब्द: "समजलं. उत्तराबद्दल मनापासून धन्यवाद."

चष्मेवालीने तिच्या पुढ्यात केकचा तुकडा धरला. डाव्या बाजूने खा, म्हणाली. तिने डाव्या बाजूने खाल्ला.

साडेअकराला वकीलबाईंचा फोन आला. त्या खुशीत होत्या. काल संध्याकाळी तुमचे मिस्टर स्वतः येऊन गेले, म्हणाल्या. अकरा ठिकाणी सह्या हव्या होत्या, सगळ्या केल्या, एकही प्रश्न विचारला नाही. वर जाताना आमच्या लिफ्टचं दार अडकत होतं तेही नीट करून दिलं. किती भला माणूस हो, असंही त्या म्हणाल्या आणि मग आपण कोणाच्या वकील आहोत हे आठवून गप्प झाल्या.

ती जिन्यात गेली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसून तिने चौदा महिन्यांत पहिल्यांदा तो नंबर लावला. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. ते उत्तर माझं नव्हतं. बाकीची सगळी माझी होती, तेवढं एक नव्हतं. दोनच वाक्यं होती आणि दोन्ही तिची स्वतःची.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. "मी फोन केलेला नाही," तो घाईघाईने म्हणाला.

"मी केलाय."

"हां. बरोबर. आवाज असा का येतोय?"

"दाढ."

"वरची का खालची? दुखतंय का फार? गरम काही घेऊ नकोस."

एका दमात दोन प्रश्न आणि एक सल्ला. ती भिंतीला टेकली. "ऐक," ती म्हणाली, "ते उत्तर..."

"वाचलं ना," तो म्हणाला. "मीच तुला सांगणार होतो, पण फोन करायचा नव्हता. फार बरं केलंस. आधीची तुझी उत्तरं कशी, गोल गोल असायची. जुने ग्राहक महत्त्वाचे वगैरे. मी रात्र रात्र त्याचा अर्थ लावत बसायचो. आई म्हणायची, डोळे जातील. हे मात्र स्वच्छ होतं. आत्ता नाही आणि पुढेही नाही. लिफ्ट बंद असली की आम्ही पाटी लावतो बघ. पाटी दिसली की माणूस जिना धरतो. पाटी नसेल तर बटण दाबत उभाच राहतो. काल सह्या करून घरी आलो, जरा आडवा झालो, तो एकदम आज सकाळीच जाग आली. झोपच लागत नव्हती गं इतके महिने. आई दोनदा नाकाशी हात धरून गेली म्हणे, श्वास चालू आहे का बघायला."

तो हसला. त्याला असं फोनवर हसताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

वाक्य तिच्या जिभेवर होतं. दाढेच्या जागी खड्डा पडला होता, जीभ सारखी तिथे जात होती.

"तू काहीतरी सांगत होतीस," तो म्हणाला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"जेवलो. छान झालं होतं. आईच्या हाताला चव आहे, तिला कधी सांगितलंच नव्हतं, आज सांगितलं. रडली ती." मग, "तुझी घाई नाही ना? त्या ठोकळ्यांच्या खेळाचं एक सांगायचं होतं. मी चव्वेचाळिसाव्या पायरीवर आलोय. आता मागे जाता येत नाही म्हटल्यावर आधी नीट बघून ठेवतो. बरा खेळ आहे. पाच तारे उगीच नाही दिले."

"सांग," ती म्हणाली.

आणि तो सांगू लागला. कोपऱ्यातले ठोकळे आधी का भरावेत, लांब ठोकळ्यासाठी जागा कशी राखावी, शेवटी एकच रिकामा चौकोन उरतो तेव्हा काय करावं. वरून चष्मेवाली तिला हाका मारत होती, तिच्या खुर्चीवर अठ्ठावीस लोक एकेक तारा देऊन खोळंबले होते. ती सुजलेला गाल फोनला लावून मधे मधे हं म्हणत राहिली, कारण ती गप्प झाली तर तोही गप्प होईल, अशी तिला भीती वाटत होती.