इंजिनाचा ताप

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत सकाळी आठलाच जुन्या गाड्यांची रांग लागली होती. माणसं बॉनेट उघडी टाकून हात जोडून उभी, आणि मधोमध पांढरे हातमोजे घातलेले शीतलबाबा. तापलेल्या इंजिनाला नुसता हात लावून बाबा त्याचा ताप उतरवतात, अशी ख्याती. गेल्या आठवड्यात एका टॅक्सीचा उतरवला होता म्हणे. ती टॅक्सी आता कुठे पडली आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

एका गाडीत मागच्या सीटवर ताई आईचा हात धरून बसली होती. वीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई. अकरा वाजता आईचं डायलिसिस होतं आणि मध्ये चाळीस किलोमीटर चढाचा रस्ता. धाकट्या भावाने ही सेकंडहँड गाडी घेतल्यापासून ती दर फेरीला तापत होती. मेकॅनिकने पाण्याचा पंप बदलायला सांगितलं, तर पठ्ठ्याने बाबा गाठला. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण किल्ली भावाकडे होती.

त्यांची पाळी आली. बाबांनी इंजिन चालूच ठेवायला लावलं आणि डोळे मिटले.

"गाडी म्हणजे देहच, बाळांनो. पाणी तिचं रक्त, पेट्रोल तिचं अन्न, आणि चालवणाऱ्याचं पाप म्हणजे तिचा ताप."

पापाचा पंपाशी काय संबंध, ते बाबाच जाणोत. हातमोजा बॉनेटखाली गेला, ओठ पुटपुटले, आणि डॅशबोर्डवरचा लाल रेषेला टेकलेला तापमानाचा काटा एकदम तळाला गेला. खिडकीतून आत डोकावणाऱ्या गर्दीने आ वासला. भावाचे डोळे भरून आले. आईनेही हात जोडले.

ताईला किळस आली. ताप अंशाअंशाने उतरतो, घाम फोडतो, वेळ घेतो, हे तिने हजार वेळा पाहिलं होतं. ती उतरून बॉनेटपाशी गेली. बाईमाणसाचा हात लागला तर ताप उलटेल, असं बाबा गुरगुरले. तिने लक्ष दिलं नाही. हातमोजा गेला होता तिथे इंजिनाचा ताप काट्याला कळवणारी वायर जागेवरून निघून लोंबत होती. हाताला ओढणी गुंडाळून तिने ती पुन्हा बसवली. आत भावाच्या डोळ्यांसमोर काटा चढत लाल रेषेवर गेला. वायर काढली, काटा तळाला. बसवली, पुन्हा लाल.

"पण खाली आला होता ना, ताई," भाऊ पुटपुटला.

"वॉर्डात मॉनिटरची वायर निघाली, तर आम्ही पेशंटला बरा झाला म्हणून घरी पाठवत नाही. इंजिन अजून उकळतंय. या काट्याच्या भरवशावर आईला घेऊन तू चढावर अडकला असतास."

भावाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बाबा म्हणाले, अश्रद्धेने काटा भ्रमिष्ट झाला. आणि मागच्या गाडीतला गृहस्थ, सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा, पुढे सरकला. "आलोच आहोत तर आमचंही बघून टाका, महाराज." ताईला बाबापेक्षा त्याचाच जास्त संताप आला.

आई मात्र सुजलेल्या पायांनी स्वतःच खाली उतरली.

"टॅक्सी बघ. पंप बदलल्याशिवाय मी या गाडीत बसायची नाही."

इंजिनाला मंत्र ऐकायला कान नसतात. त्याला पाणी लागतं, धड पंप लागतो. कुणी ताप उतरवून दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याचा हात कुठे गेला होता ते बघा.