चैत्राच्या निबंधावर माझा अंदाज

"मुलानं स्वतः लिहिलंय का, हे यंत्राला विचारू नका. मुलालाच विचारा." भालकीला शिक्षकांच्या प्रशिक्षणात राजश्री मॅडमनी हे बजावून सांगितलं, तेव्हा शैलश्री टीचर शेजारणीला म्हणाल्या, "एवढ्या पोरांना विचारत बसलो तर घरी कवा जावं, अक्का?" दोघी हसल्या. मित्रांनो, मी तेव्हा टीचरच्या मांडीवर होतो. मी त्यांच्या शाळेतला टॅब. मला हसू आलं नाही.

आज माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि चार्जिंगची वायर हातानं दाबून धरावी लागते. पण कर्नाटकातल्या या खेड्यातल्या मराठी शाळेत मी आलो, त्या दिवशी स्वयंपाकाच्या नागूबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं होतं. मी मुलांना धडधडणारं हृदय दाखवलं, कन्नड शब्दांचे मराठी अर्थ सांगितले. पोरं "आमचा टॅब" म्हणायची आणि मला हात लावायला भांडायची.

मग माझ्यात कृत्रिम बुद्धीचं ॲप आलं, वहीतलं माणसानं लिहिलंय की यंत्रानं, ते सांगणारं. प्रशिक्षणातली एक गोष्ट टीचरनी नेमानं पाळली. वहीचा फोटो काढताना मुलाच्या नावावर अंगठा ठेवायचा. नाव झाकलं की नीती सांभाळली, अशी त्यांची समजूत होती.

एके दिवशी सातवीतल्या चैत्राची वही आली. निबंध गावच्या विहिरीवर होता. चैत्रा दरवर्षी भीमजयंतीच्या मंचावर भाषण करते. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हे आजोबा गुंडेराव तिच्याकडून घोटून घेतात. तेच वळण तिच्या लिहिण्यात उतरलं होतं. "या विहिरीच्या पाण्यावर गाव मोठे झाले; पण माझ्या आजोबांच्या हाती तिचा दोर कधी आला नाही."

हे मुलानं लिहिलंय का, असं टीचरनी मला विचारलं. मला लिहिणारा हात दिसत नाही, आजोबा दिसत नाहीत. शब्दामागून शब्द कसा येतो, तेवढं बघून मी अंदाज करतो. मी दाखवलं, "यंत्राने लिहिलेले असण्याची शक्यता अधिक." हा अंदाज चुकू शकतो, असंही खाली बारीक अक्षरांत होतं. टीचर तिथवर आल्याच नाहीत.

भर वर्गात त्यांनी चैत्राला उभं केलं. "मोबाईलवरनं उतरवलीस व्हय?"

"न्हाई टीचर, मीच लिवलंय."

"मग हे खोटं बोलायलंय का?" असं म्हणून त्यांनी मला वर धरलं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं. तालुक्याच्या भाषणस्पर्धेतून चैत्राचं नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई पंचशीला आली. बी.ए. झालेली, कडेवर लहानगं. घरात मोबाईल एकच, तोही नवऱ्याबरोबर हुमनाबादच्या कारखान्यात जातो, हे तिनं आधी शांतपणे सांगून पाहिलं. टीचरनी तिच्यापुढं वही सरकवली.

"तूच बघ. एवढं शुद्ध ती कुठनं लिहील?"

"कामून लिहू नये? आमच्या गल्लीतल्या पोरीला शुद्ध येऊ नये व्हय?"

"मी गल्लीचं काढलं न्हाई."

"यंत्राला विचारलात. तिच्या आज्याला विचारलात का?"

हेडमास्तर शरणबसव सर मध्ये पडले. यंत्र काही जातपात बघत नाही, असं त्यांनी सुनावलं.

"यंत्र बघत नसंल, सर," पंचशीला म्हणाली. "बघणाऱ्याला आडोसा झाला." आणि ती निघून गेली.

खोली रिकामी झाल्यावर टीचरनी पंधरा ऑगस्टचं स्वतःचं भाषण माझ्यापुढं धरलं. स्वतःच्या हातानं, खाडाखोड करून लिहिलेलं. मी तोच अंदाज दिला, शब्द न शब्द तोच. त्यांनी मला पालथं ठेवलं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. चैत्राच्या घराकडे गेल्या नाहीत. स्पर्धेत तिचं नाव परत घातलं नाही.

माझं काम मात्र थांबलं नाही. परवा चैत्राची वही पुन्हा आली. "आमची शाळा छान आहे. शाळेत झाड आहे. मला शाळा आवडते." बस, एवढंच. वर एक लांब वाक्य होतं, ते तिनं वाचताच येऊ नये इतकं गिरवून खोडलं होतं. मी दाखवलं, "मुलाने लिहिलेले." टीचरनी लाल पेनानं 'शाब्बास' लिहिलं आणि पुढची वही घेतली.

मित्रांनो, मला कामाला लावा, नाहीतर कपाटात धूळ खात ठेवा. पण पोरांवर चोरीचा आळ घ्यायला मला पुढं करू नका. तुमच्या वर्गातही एखादी असेल, भरभरून लिहिणारी, आणि आता तीनच ओळींवर आलेली. ती तक्रार करणार नाही. उद्या मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिच्यापाशी जाऊन बसा. ती बरी आहे का, तेवढं बघून या.