भोपळ्याच्या खुंटीवरची पोथी

ऐका, आणि मागं बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगते. धान्याच्या देवीची, कणसरीची आण, वाघदेवाची आण, आणि माझ्या अंगावर उरलेल्या शेवटच्या पानाची आण. पुढं जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तरी मला वाळवी लागो. तशी ती एकदा लागून गेलीय, म्हणून मी शपथेला भीत नाही.

मी एक जुनी पोथी आहे, मित्रांनो. खरं म्हणजे छापील पुस्तक. पण डोंगरातल्या माणसांनी मला पोथी म्हटलं आणि तेव्हापासून मी बाईमाणसासारखी बोलायला लागले. कुणाची फाटकी धोतरं, कुणाचं विटकं लुगडं, असल्या चिंध्या कुजवून आणि कुटून माझा कागद झाला. मग लाल कापडाची बांधणी आणि पाठीवर सोनेरी अक्षरं. आणि आत काय? आत साध्या राहणीचा उपदेश. माणसानं कमीत कमी वस्तूंत कसं राहावं, श्वासाकडे लक्ष कसं द्यावं, घास बत्तीस वेळा चावून कसा खावा, असं सगळं. अंगावर सोनं मिरवत साधेपणा शिकवताना मला काही वाटत नव्हतं. तरुणपणी कुणाला वाटतं?

मला विकत घेतलं तात्यासाहेबांनी. नोकरीतून मोकळे झालेले गृहस्थ. थंड हवेसाठी जव्हारला येऊन राहिले होते. तेव्हा जव्हारला संस्थान होतं. तात्यासाहेब काही दरबारचे नव्हते. पण गोरा वर्ण, डोक्याला पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. पाहणाऱ्यानं वाकायचंच.

त्यांनी मला सात वेळा वाचलं. भेटेल त्याला सांगायचे, "हे वाचा. माझं जीवन या पुस्तकानं बदललं." काय बदललं ते मात्र दिसत नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी मखमलीचं अस्तर लावलेली सागवानी पेटी करून घेतली आणि अंगरख्यांच्या पेट्या दोनाच्या तीन झाल्या. बाकी साधेपणा चालू होता. मला ती मखमल फार आवडायची. खोटं कशाला बोलू?

एका वैशाखात तात्यासाहेबांना वाटलं की शहरातले लोक काही सुधारायचे नाहीत. आता डोंगरातल्यांना हा मार्ग दाखवू. झालं. अकरा पेट्या, अकरा डोकी त्या वाहायला, स्वयंपाक्या वेगळा, आणि सोबत लाडक्या. हा लाडक्या जव्हारचा. त्याला दोन्हीकडची बोली यायची. कमरेला पितळी बक्कलाचा पट्टा बांधायचा. पट्टा कुणी दिला विचारलं तर नुसता हसायचा.

आम्ही खोडाळ्याच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर पोचलो. सात घरं, कुडाच्या भिंती. वैशाखात त्या घरांत दाणा नसतो. माणसं रानातले कडूकांदे खणून आणतात, चिरतात, राख चोळतात, वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा घालवतात आणि उकडून खातात. पण प्रत्येक घरात चुलीच्या वर, धुरात, एक वाळका भोपळा टांगलेला असतो. तोंड शेणानं लिंपलेलं. आत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं. पोर भुकेनं रडून रडून झोपलं तरी त्या भोपळ्याला कुणी हात लावत नाही. तो भोपळा म्हणजे पुढचं वरीस.

आंब्याखाली सगळा पाडा जमला. तात्यासाहेबांनी मला पेटीतून काढलं, कपाळाला लावलं आणि वाचायला सुरुवात केली. "जेवणात एकच भाजी असावी."

पुढंच हिरी बसली होती. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी. तिची जीभ तिच्याहून दहा वर्षांनी तरुण. शेजारी तिची सून सकू.

"सायेब," हिरी म्हणाली, "एक भाजी म्हनजे कंची? तू आनलीस का सोबत?"

"साहेबांना तू म्हणतेस?" लाडक्या ओरडला.

"देवाला पन तूच म्हनते मी. त्यानं कदी पट्टा नाय दाखवला."

पोरं हसली. तात्यासाहेब रागावले नाहीत. क्षमेवर माझा एक अख्खा अध्याय आहे. त्यांनी पान उलटलं आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा हे समजावून सांगितलं.

"आमची पेज पातळ हाय," हिरी म्हणाली. "बत्तीस येळा चावायची तर आदी तिच्यात कायतरी पडाया पायजे."

आता खरी गंमत ऐका. पाड्याच्या कारभाऱ्याचं नाव नवसू. भला माणूस, शब्दाला जपणारा. त्यानं आयुष्यात जेवढे छापील कागद पाहिले होते ते सगळे जव्हारच्या वाटेनं आले होते आणि सगळे हुकूम होते. हे झाड तोडू नका, या रानात ढोरं घालू नका. कागद म्हणजे हुकूम, आणि हा तर केवढा जाड कागद, वर लाल कापड. नवसू उठला, त्यानं मला डोकं टेकलं आणि विचारलं, "सायेब, ह्यो हुकूम कवापासून?"

मित्रांनो, एवढ्या एका प्रश्नाला तात्यासाहेबांनी म्हणायला हवं होतं, अरे बाबा, हा हुकूम नाही, हे नुसतं पुस्तक आहे. त्यांनी तोंड उघडलंही. मग लाडक्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "असू दे. हुकूम समजून का होईना, मार्गाला लागतील." आणि नवसूला म्हणाले, "आजपासून."

मला त्या वेळी काय वाटलं सांगू? अभिमान. शहरात लोक मला वाचून जांभया देत होते. इथं मी कायदा झाले होते.

लाडक्या घरोघर फिरला. दुसरं मडकं असेल ते बाहेर. दुसरी गोधडी असेल ती बाहेर. तसं फार काही निघालं नाही. सात घरांत मिळून तीन मडकी आणि एक फुटकं पातेलं. तात्यासाहेब हिरमुसले. ज्याच्याकडं काही नाहीच त्याच्याकडून त्याग कसा करून घ्यायचा? तेवढ्यात त्यांची नजर सकूच्या दारातून आत, चुलीवर गेली.

"ते काय टांगलंय?"

"बी हाय," सकू म्हणाली. ती फारशी बोलायची नाही. नवरा दोन वरसांपूर्वी तापानं गेला, तेव्हापासून सासूच दोघींचं बोलून घ्यायची.

तात्यासाहेबांनी माझा सातवा अध्याय काढला. "उद्यासाठी काही साठवू नका. साठा म्हणजे चिंता." वाचून झाल्यावर डोळे मिटले. "बाई, किती वर्षं ही चिंता डोक्यावर टांगून ठेवलीस?"

"खायाचं नाय ते. पेरायचं हाय."

"पेरायचं म्हणजे उद्याचंच ना?" लाडक्या म्हणाला आणि खुंटीवरून भोपळा काढला.

सकूनं त्याचा हात धरला. जोरात धरला, पट्टा सरकला. नवसू मधे पडला. "सोड, पोरी. हुकूम हाय. उद्या शिपाय येतील आन घरं जाळतील."

"बी गेल्यावर घर काय करायचं, नवसूबा?" सकू म्हणाली. पण हात सोडला.

सातही घरांचे भोपळे आंब्याखाली आले. तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते धान्य नकोच होतं. त्यांना काही नकोच होतं, तेच तर त्यांचं मोठेपण. ते म्हणाले, "हे तुमचंच आहे. आत्ता दळा, आत्ता खा. कण उद्यासाठी ठेवायचा नाही."

आणि सकूला जात्यावर बसवलं.

तिनं आपलं बियाणं आपल्या हातानं दळलं. समोर लाडक्या बसून होता. जातं फिरलं की बाया ओव्या म्हणतात. तिनं एक शब्द काढला नाही. तात्यासाहेबांना ते फार आवडलं. "पाहा," म्हणाले, "चित्त कसं कामात आहे."

भाकऱ्या झाल्या. पोरांनी तीन महिन्यांत भाकरी पाहिली नव्हती. ती खूष होती, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. तात्यासाहेबांनी पितळी घंटी काढली. घास तोंडात घालायचा, घंटी वाजेपर्यंत चावायचा, मगच गिळायचा. आंब्याखाली सात घरांची माणसं मान खाली घालून आपलं पुढचं वरीस बत्तीस बत्तीस वेळा चावत होती. घंटी तेवढी वाजत होती.

हिरीनं एक घास खाल्ला आणि थांबली.

"खा ना," लाडक्या म्हणाला.

"दात न्हाईत," हिरी म्हणाली. "तू चाव माझ्या वाटचं. तुला सवय हाय."

दुपार कलली तशी तात्यासाहेबांनी तुपातला शिरा खाल्ला. त्यांची पचनशक्ती नाजूक होती, नागली सोसत नव्हती. निघताना त्यांनी मला सकूच्या हातात दिलं. "बियाण्याच्या बदल्यात मी तुला माझी सर्वांत मोलाची वस्तू देतो आहे. हे पेर." माझ्यासारख्या आणखी दोन प्रती सातव्या पेटीत होत्या, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढं शिरपामाळावर मुक्काम पडला तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं की आजचा दिवस आयुष्यातला सर्वांत निर्मळ दिवस. हे मला कसं कळलं असं विचारू नका. पुस्तकं एकमेकांना सगळं सांगतात.

सकूनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग भोपळ्याच्या रिकाम्या खुंटीवर टांगलं.

"आता हिला पेर आन हिलाच खा," हिरी म्हणाली.

धुरानं माझी सोनेरी अक्षरं आठ दिवसांत काळी झाली. मखमल गेली, मिरवणं गेलं. वर टांगल्या टांगल्या मला त्या घरातलं सगळं दिसायचं, आणि माझ्यात जे लिहिलं होतं ते ही माणसं माझ्या जन्माआधीपासून करत आली होती हेही दिसायचं. एक भांडं. एक लुगडं. एका वेळेचं खाणं. फक्त त्याला ती मार्ग म्हणत नव्हती.

पण सकू हार मानणारी नव्हती. दळताना लाडक्यानं जांभई दिली तेवढ्यात तिनं एक मूठ नागली कनवटीला खोवली होती. रोपांसाठी राब भाजून तयार होता, पालापाचोळ्याची राख मऊ पसरलेली. पाऊस आल्यावर तिनं ती मूठ राबात फेकली आणि रोज बांधावर बसून पाखरं हाकली. रोपं वर आली. एका मुठीतून सात घरांना पुरली. आणि कणसं काय आली म्हणता! एकेक कणीस दोघींनी धरून कापायचं. नागलीच्या एका ताटाला तर नवसूनं शिडी लावली. धान्याच्या ढोल्या भरल्या, टोपल्या भरल्या, शेवटी हिरी म्हणाली, आता माझ्या तोंडात साठवा, दात न्हाईत, जागा रिकामी हाय.

पुढं सकूनं मला खुंटीवरून काढलं आणि खोडाळ्याच्या बाजारात शेरभर मिठावर दिलं. दुकानदारानं माझी पानं फाडून मिरच्या बांधल्या. क्षमेचा अध्याय गेला, श्वासाचा गेला. सातवा तेवढा शाबूत राहिला. मग कुणातरी हौशी माणसानं मला उचलून जव्हारला आणलं आणि आता मी एका काचेच्या कपाटात असते. पाहुणे येतात, पान उलटतात, म्हणतात, किती सुंदर विचार आहेत, प्रत्येकानं वाचायला हवेत.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. पुस्तकाला धुरापासून जपा, वाळवीपासून जपा. पण त्याहून आधी, मला कुणाच्या हातात देताना त्याच्या चुलीवर काय टांगलंय ते बघा. ज्याची खुंटी रिकामी आहे त्याला माझी पानं वाचून दाखवू नका. आणि कुणी हात जोडून विचारलं, हा हुकूम कवापासून, तर खरं सांगा. माझ्यासाठी एवढं करा.

आता सुरुवातीची शपथ आठवतेय, वाळवीही आठवतेय. तेव्हा एक गोष्ट कबूल करून टाकते. कणसं दोघींनी धरायची, शिडी लावायची, ते तुम्हाला कळलंच असेल. त्याला मी खोटं म्हणत नाही, ते बोलण्यातलं मीठमिरची. खोटी गोष्ट एकच सांगितली.

ती मूठ.

लाडक्यानं जांभई दिली नव्हती. जात्यापाशी बसला तो शेवटचा दाणा पडेपर्यंत बसून होता. मूठ काढा आणि तिच्यातून उगवलेलं सगळं काढून टाका. बाजारातलं मीठ मात्र राहू द्या, ते खरं आहे. कडूकांदे मिठाशिवाय घशाखाली जात नाहीत, आणि त्या वरसाला दुसरं काही नव्हतं.

आणि पाखरं हाकणंही राहू द्या. राब काळाच राहिला, त्यात काही पेरलं नव्हतं. तरी सकू रोज सकाळी बांधावर जाऊन बसायची आणि अंधार पडेपर्यंत पाखरं हाकत राहायची.