रडकं व्हायोलिन

थोरलीनं पान उलटलं, ते जरा जोरातच. नोटेशनच्या एका स्टँडवर दोघी जावा. बाहेरच्या खुर्चीत धाकटी, आतल्या खुर्चीत थोरली, आणि पानं उलटायची ती आतलीनं. बावीस वर्षं या वाद्यवृंदात घासली, आणि आता कालच्या पोरीची पानं उलटा!

संध्याकाळचा कार्यक्रम अख्खा अमेरिकन संगीताचा होता, सगळं गेल्या शंभर वर्षांतलं. पाच मात्रांत जीव रमतोय न रमतोय तोच सात मात्रा सुरू. शेवटच्या, अगदी नव्या रचनेत एकट्या व्हायोलिनचा लांबलचक संथ तुकडा होता. त्यासाठी दोघींनी परीक्षा दिली. मिळाला धाकटीला. थोरलीनं घरी सासूला, नवऱ्याला, ऐकेल त्याला सांगितलं, "माझं व्हायोलिनच मेलं रडकं. तिच्यासारखं भारी वाद्य असतं तर दाखवलं असतं." घरच्यांना ते पटलं. तिला स्वतःलाही.

तो तुकडा दहा सेकंदांवर आला आणि धाकटीची तार ताडकन तुटली.

अशा वेळी शेजारणीनं आपलं वाद्य द्यायचं, असा वाद्यवृंदाचा रिवाज. धाकटीनं हात पुढे केला. थोरलीची बोटं व्हायोलिनवर घट्ट आवळली. नाही दिलं तर? समोरून संचालकांनी डोळे वटारले, तेव्हा कुठे तिनं ते दिलं. वाजव आता हे रडकं, ती मनात म्हणाली, म्हणजे कळेल सगळ्यांना.

धाकटीनं गज टेकवला.

पहिलाच स्वर असा भरून आला की पलीकडच्या चेलोवाल्या आजोबांनी चमकून मान वर केली. थोरली मांडीवर तुटक्या तारेचं वाद्य घेऊन बसून राहिली. कान झाकून घ्यावेत असं तिला वाटलं, आणि एकही स्वर निसटू नये असंही वाटलं. पान उलटायचं ती साफ विसरली. धाकटीला पाठ होतं म्हणून निभावलं.

टाळ्या संपल्यावर आतल्या खोलीत धाकटीनं व्हायोलिन रुमालानं पुसून तिच्या हातात दिलं.

"ताई, अहो काय गोड आहे हे! आणि तुम्ही रडकं म्हणता. थांबा, घरी गेल्या गेल्या सासूबाईंनाच सांगते."

थोरलीनं व्हायोलिन पेटीत ठेवलं. पेटीची एक कडी लागली, दुसरी काही केल्या लागेना.

"अगं," ती खाली बघतच म्हणाली, "तार तुटल्याचं घरी नको बोलूस."