घड्याळजीच्या दुकानातलं लोहचुंबक

घड्याळजीच्या दुकानात लोहचुंबकाला सक्त मनाई होती. चुंबक जवळ आलं की चावीचं घड्याळ सैरभैर होतं, पुढे पळायला लागतं. शेजारचा शिंपीही टाचण्या उचलायचं चुंबक बाहेर ठेवूनच आत यायचा.

गल्ल्यावर घड्याळजीची बायको बसायची. बोलकी, हसरी. पण तिला लहानपणापासून फिट यायच्या. औषधं बदलून झाली, वाढवून झाली, गुण येईना. एकदा तर झटका थांबेचना. एकातून सावरते तोच दुसरा. अतिदक्षता विभागातून ती घरी आली खरी, पण तेव्हापासून घड्याळजीचा एक डोळा भिंगात आणि दुसरा तिच्यावर.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या पाहिल्या. "झटके मेंदूत एकाच जागी सुरू होत असते, तर तेवढा भाग शस्त्रक्रियेनं काढता आला असता. यांचे अनेक ठिकाणी सुरू होतात. पण दुसरा उपाय आहे. छातीपाशी कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं, त्याची तार मानेतल्या नसेला गुंडाळायची. ते अधूनमधून नसेला हलकी वीज देतं. झटके साफ जातीलच असं नाही, पण बऱ्याच जणांचे कमी होतात."

"चावी कधी द्यायची?" घड्याळजीच्या तोंडून निघून गेलं.

"बॅटरी आहे. बरीच वर्षं चालते." बाईंनी खणातून एक पट्टा काढला. "आणि हे मनगटाला बांधायचं. झटका येतोय असं वाटलं की यंत्रावरून फिरवायचं. जादा वीज मिळते, झटका आवरू शकतो."

"काय आहे हे?"

"लोहचुंबक."

बायकोला हसू आवरेना. "अहो, आता मी दुकानात यायचं की बाहेर शिंप्यापाशी बसायचं?"

घड्याळजीनं तिला हलवलं नाही. आपलं टेबलच समोरच्या भिंतीला नेलं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. वीज सुरू झाली की तिचा आवाज घोगरा व्हायचा, मग पुन्हा मूळपदावर. सासूबाई म्हणायच्या, "एका सुनेत दोन माणसं मिळाली मला." हळूहळू झटके विरळ झाले.

एका दुपारी मास्तर आपल्या वडिलांचं घड्याळ न्यायला आले. घड्याळजी ते हातात घेऊन गल्ल्यापाशी आला, तोच बायकोची नजर थिजली, हनुवटी थरथरू लागली. त्यानं तिचं मनगट धरून चुंबक यंत्रावरून फिरवलं. काहीच झालं नाही. जरा थांबून त्यानं पुन्हा फिरवलं. थरथर मंदावली. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "मास्तर, पावती आणलीत का?"

घड्याळजीनं तिचं मनगट सोडलं. मग मुठीतल्या घड्याळाकडे त्याचं लक्ष गेलं. ते कानाला लावून तो म्हणाला, "मास्तर, तुमचं घड्याळ बिघडलं. मीच बिघडवलं." लॉटरी लागल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"मग पुन्हा दुरुस्त करा. मी कुठे पळून चाललोय?"

"तुम्ही नाही, पण घड्याळ पळतंय," बायको म्हणाली, आणि तिघंही हसत सुटले.

मास्तर तिच्याजवळ बसले. ती नीट सावरल्यावर घड्याळजी चहा सांगायला निघाला. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण एकदाही मागे वळून पाहिलं नाही.