न सापडलेली सीडी

आमच्या खाणीच्या गावात त्या काळी भिंतींना नुसते कान नव्हते, पगारही होता. आणि माझ्या इंटरनेटच्या दुकानाला भिंती चार.

भाचा लमीन एक सीडी देऊन गेला. फॉस्फेटच्या खाणीवरचा मोर्चा, त्यावरचा लाठीमार, आणि सगळ्यांत पुढे, उघड्या चेहऱ्याने, स्वतः लमीन. जो त्यात दिसेल तो उचलला जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी सीडीची जशीच्या तशी नक्कल कॉम्प्युटरवर उतरवली, फाइल म्हणून, आणि मूळ सीडी शेजारच्या पाववाल्याच्या भट्टीत घातली. त्या दिवशीचा पाव अख्ख्या गावाने नाक मुरडत खाल्ला.

अशी नक्कल बघायला एक प्रोग्राम लागतो. तो कॉम्प्युटरला थाप मारतो, की बाबा रे, तुला आणखी एक ड्राइव्ह आहे आणि त्यात सीडी घातलेली आहे. कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवतो. थापाड्यांबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी.

एका दुपारी ती नक्कल लावून बसलो होतो, आणि दारात इन्स्पेक्टर तय्यब. चित्र बंद करण्यापुरता वेळ मिळाला. त्या खोट्या ड्राइव्हमधून नक्कल काढायला नाही मिळाला.

"उठू नका, मोंजीकाका," म्हणत तो माझ्या पाठीशी उभा राहिला. पडद्यावर दोन ड्राइव्ह. खरा रिकामा. खोट्यावर सीडीचं चित्र आणि खाली लमीनने दिलेलं नाव, 'मोर्चा'. गाढवाला दुसरं नाव सुचलं नव्हतं.

"ती सीडी काढा."

मी बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, रिकामा. पडद्यावरची सीडी जागच्या जागी.

"काका, सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. थट्टा नको."

"तुमच्यासमोरच तर उघडला, साहेब."

"मग ही काय दिसतेय? माझं नशीब?"

खरं सांगावं तर फाइल त्याच्या हाती, आणि लमीनही. खोटं सांगावं तर सुचेना; जन्मात पहिल्यांदाच. हात असे गार पडले की हातातला चहा तिथल्या तिथे निवला.

त्याने गालिचा उलटला, माझी टोपी उसवली, मक्रूदच्या डब्यातली खजुराची एकेक वडी मोडून पाहिली. चार खाल्ल्या. ट्रे अकरा वेळा आत-बाहेर केला. मग हात माउसकडे नेला.

"उघडा की," मी कसाबसा म्हणालो. "फक्त मग तुम्ही पाहिलंत, असं लिहावं लागेल."

हात थांबला. आमच्याकडे असली चीज जो पाहतो, त्यालाच आधी विचारतात: कोणाबरोबर पाहिलीस, किती वेळा? म्हणून पोलीस पाहत नसत. पाकिटात घालायची, लाख लावायची, राजधानीला पाठवायची. पण पाकिटात घालायला सीडी तर हवी.

"तुम्हीच काढा. आतून."

मी काढली. दोनदा टिचकी, आणि पडद्यावरून सीडी गेली. ट्रे हललासुद्धा नाही. तय्यब ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. खोलीत घाबरलेली माणसं आता दोन होती. फाइल तिथेच होती, एका टिचकीवर.

शेवटी त्याने माझ्याकडून खरा ड्राइव्ह स्क्रू काढून मोकळा करून घेतला आणि तोच पाकिटात घातला. "कुठे गेली ते राजधानीतले बघतील."

दाराशी गेल्यावर, पाठमोराच, तो हळूच म्हणाला, "काका, त्यात माझा मेहुणा आहे का? बशीर. जरा लंगडतो."

बशीर होता. लमीनच्या शेजारीच.

प्रश्न खरा असेल तर या माणसाला झोप लागायची नाही. गळ असेल तर लमीन गेला.

"कशात, साहेब?" मी विचारलं.

त्याने पाकीट काखेत मारलं. मग गेला.

मी फाइल पुसली. 'पुसू का?' ला आधी दोनदा 'नको' दाबलं, तिसऱ्यांदा 'हो'. लमीन वाचला, पण त्या लाठीमाराचा एकमेव पुरावा मी संपवला, म्हणून तो माझ्याशी अजून बोलत नाही. तय्यब पुढे वर्षभर रोज दुकानावरून जायचा. त्याने पुन्हा विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.